खंडी, मण आणि वही

वऱ्हाडांतील बाळापुरास जो प्रवासी जातो, तो बहुधा दोन वास्तू पाहून परततो. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा असलेला विटांचा किल्ला ही एक. त्याचें काम औरंगजेबाचा पुत्र आझमशहा यानें आरंभिलें आणि एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें १७५७ मध्यें पुरें केलें. दुसरी वास्तु म्हणजे मिर्झाराजे जयसिंगाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली छत्री. १७२० च्या ऑगस्ट महिन्यांत निजामुल्मुल्कानें आलमअलीखानाचा पराभव केला तोहि याच गांवाच्या परिसरांत. त्यामुळें राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत बाळापूरचें नांव एकदां तरी येतेंच. परंतु ज्या परगण्याच्या उत्पन्नावर हे सुभेदार आणि नबाब जगले, तेथील धान्य कोणत्या मापानें मोजलें जाई, तें माप कोण ठरवी, आणि एका मापाचा आंकडा दुसऱ्या मापांत उतरवितांना कोणाच्या पदरांत काय पडे, याची विचारपूस आमच्या इतिहासलेखकांनीं फारशी केलेली नाहीं. तलवारीचा इतिहास लिहिण्यास आम्ही जितके उत्सुक, तितके तराजूचा इतिहास लिहिण्यास नाहीं.

हा विषय आज हातीं घेण्यास एक अगदीं आधुनिक कारण आहे. धान्याचा किंवा सरकीचा व्यापारी आपली वही संगणकावर नेऊं लागला, म्हणजे मालाचें नांव लिहिण्याच्या आधींच त्याला एक प्रश्न विचारला जातो: हा माल कोणत्या एककांत मोजावयाचा? टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रथम एककाचें चिन्ह व नांव द्यावें लागतें. त्या एककाचे अपूर्णांक लिहावयाचे कीं नाहीं, आणि लिहावयाचे तर शून्यापासून चारपर्यंत किती दशांश स्थळें ठेवावयाचीं, हें सांगावें लागतें. मग संयुक्त एकक: एक क्विंटल म्हणजे शंभर किलो. हें नातें कोणत्याहि मालाला सारखेंच लागू पडतें. परंतु पोत्याचें तसें नाहीं. तुरीचें पोतें, सरकीचें पोतें आणि पेंडीचें पोतें यांत सारखे किलो मावत नाहींत. म्हणून पोत्याचें व किलोचें नातें एकदांच न लिहितां प्रत्येक मालाच्या पानावर निराळें लिहावें लागतें. शिवाय अशा कित्येक प्रणालींत एक कडक नियम असतो: त्या मालाची एक जरी नोंद वहींत पडली, तरी त्याचें मूळ एकक पुन्हां बदलतां येत नाहीं. नव्या मुनिमाला हा नियम जाचक वाटतो. आम्हांस मात्र तो वऱ्हाडच्या चारशें वर्षांच्या आर्थिक इतिहासाचें सूत्रच वाटतो, आणि तें कसें हें दाखविणें हाच या लेखाचा उद्देश आहे.

अकबराच्या सैन्यानें १५९६ मध्यें वऱ्हाड घेतलें. शाहजादा मुराद यानें बाळापुरापासून सहा कोसांवर आपली छावणी वसविली आणि तिचें शाहपूर नांवाचें शहर झालें. अबुल फजलाच्या ‘आईने अकबरी’त बाळापूरचा परगणा नरनाळा सरकारांत दाखविला असून, तेथील दोन ओढ्यांच्या कांठीं सुंदर रंगीत दगड सांपडतात असाहि उल्लेख आहे. हे रंगीत दगड स्थलवर्णन करणारांच्या सहज नजरेंत भरतात. परंतु त्याच प्रकरणांतील एक रुक्ष वाक्य आमच्या मतें त्या दगडांहून मोलाचें आहे. वऱ्हाडचा टंका दिल्लीच्या आठ टंकांइतका, असें अबुल फजल सांगतो. आणि या सुभ्याची पूर्वींची साडेतीन कोटी टंक्यांची जमा म्हणजे छप्पन्न कोटी दाम, असा हिशेब मांडतो. भागाकार करून पाहिला तर एका वऱ्हाडी टंक्यास सोळा दाम पडतात. येथें काय घडलें? नवें राज्य आलें. त्याची वही दामांत होती. जुन्या राज्याची वही वऱ्हाडी टंक्यांत होती. नव्या कारकुनानें जुनी वही फाडून टाकली नाहीं. त्यानें तिच्यापुढें एक गुणक लिहिला. राज्य एका लढाईंत बदललें असेल, पण वहीचें एकक तसें बदलत नाहीं. तें गुणकाच्या आश्रयानें नव्या वहींत जाऊन राहतें.

नाण्याच्या बाबतींत हा गुणक निदान लिहिलेला तरी होता. वजनाच्या बाबतींत परिस्थिति अधिक बिकट होती. अकबराच्या शेवटच्या काळीं शेर तीस दामांच्या वजनाचा होता. जहांगिरानें तो छत्तीस दामांचा केला. शाहजहानानें चाळीस दामांचा. मण मात्र तिघांच्याहि राज्यांत चाळीस शेरांचाच. म्हणजे आजोबाच्या मणापेक्षां नातवाचा मण एकतृतीयांशानें जड झाला, आणि नांवांत एका अक्षराचाहि फरक पडला नाहीं. म्हणूनच त्या काळच्या हिशेबांत मणाला ‘अकबरी’, ‘जहांगिरी’, ‘शाहजहानी’ अशीं विशेषणें लावावीं लागत. ज्या लेखांत तें विशेषण गळून पडलेलें असतें, त्या लेखांतील आंकड्यांवरून धान्याच्या स्वस्ताईमहागाईचे सिद्धांत बांधणाऱ्यांनीं जरा जपून चालावें, अशी आमची सूचना आहे.

मोठें माप घेण्याचें व लहान माप देण्याचें, ही युक्ति कांहीं मोगलांनीं शोधून काढलेली नव्हे. कौटिल्यानें पौतवाध्यक्ष म्हणून मापांवरचा स्वतंत्र अधिकारी नेमण्यास सांगितलें, हें आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु त्याच अध्यायांत एकाच द्रोणाचे चार प्रकार दिले आहेत, हें सांगावयाचें बहुधा राहून जातें. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण दोनशें पलांचा. व्यवहाराचा १८७॥ पलांचा. नोकरचाकरांस द्यावयाचा १७५ पलांचा. आणि अंतःपुराच्या खर्चाचा १६२॥ पलांचा. प्रत्येक पायरीवर साडेबारा पलें कमी. यांत लपवाछपवी मुळींच नाहीं. राजा मोठ्या मापानें घेतो, लहान मापानें देतो, आणि तो भेद शास्त्रांत लिहून ठेवतो. पुढच्या काळांत सावकाराची घेण्याची पायली व देण्याची पायली निराळी असे, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येई. कौटिल्याच्या राजांत व या सावकारांत फरक इतकाच कीं, सावकारानें तो भेद लिहून ठेवला नाहीं.

आतां परगण्यांतून खाली उतरून गांवाच्या खळ्यांत येऊं. येथें वजन नव्हतें, माप होतें; म्हणजे धान्याचा भार नव्हे, तर त्यानें व्यापलेली जागा मोजली जाई. चिपटें, मापटें, शेर, पायली, मण, खंडी हें कोष्टक जुन्या पिढीच्या मुलांनीं शाळेंत घोकलेलें असे. वऱ्हाडांत कुडव हेंहि माप रूढ होतें, आणि त्याची वंशावळ थेट भास्कराचार्यांपर्यंत जाते. ‘लीलावती’त चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि सोळा द्रोणांची खारी असें कोष्टक दिलें असून, खारी म्हणजे लांबी, रुंदी व खोली प्रत्येकीं एक हात असलेलें पात्र अशी व्याख्या केली आहे. व्याख्या निर्दोष आहे. कारण ती पात्राची आहे. त्या पात्रांत काय भरलें आहे याच्याशीं तिला कर्तव्य नाहीं. पण बाजाराला नेमकें त्याच्याशींच कर्तव्य असतें. पायलीभर ज्वारी, पायलीभर तीळ व पायलीभर सरकी यांचा भार एक नाहीं. नवी ज्वारी व जुनी ज्वारी यांचाहि एक नाहीं. त्यांतून पायली शीग लावून भरावयाची कीं तोंडावर हात फिरवून सपाट करावयाची, हा प्रश्न उरतोच. शिगेंत जें धान्य बसतें तें कोष्टकांत कोठेंहि लिहिलेलें नसतें. तें मापाऱ्याच्या मनगटांत असतें.

तरीहि गांवांत या पद्धतीनें शतकानुशतकें काम भागलें, आणि त्याचें कारण साहेबलोकांना वाटलें तसें आमच्या लोकांचें अज्ञान नव्हे. खळ्यांत रास उभी राहिली, कीं मापणारा पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन अशी गणती पुढें चाले. त्याच खळ्यांत सुतार, लोहार, कुंभार, महार यांचें बलुतें दिलें जाई. घेणारे सगळे गांवचे, देणारा गांवचा, मापहि गांवचें. शेजारच्या गांवची पायली कमीजास्त असली तरी त्या धान्याला शेजारच्या गांवीं जावयाचेंच नव्हतें. जोंपर्यंत माल गांवांत राहतो तोंपर्यंत रूपांतराचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तो उद्भवतो माल वेशीबाहेर पडतो तेव्हां. बाळापूर हें एके काळीं कागदासाठीं व कापडासाठींहि प्रसिद्ध होतें. त्यांतला कागद चोवीस तावांच्या दस्त्यांत मोजला जाई व दस्त्यांची गड्डी बांधली जाई. तो माल वेशीबाहेर जाऊनहि तंटा कमी, कारण ताव मोजतां येतात आणि मोजलेल्या वस्तूला शीग नसते. संगणकाच्या भाषेंत सांगावयाचें तर तेथें दशांश स्थळें शून्य. कापसाचें भाग्य असें नव्हतें.

हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटीं निजामाचें वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. पुढें अमेरिकेंत १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरचा कापूस तुटला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचें लक्ष गेलें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्यें वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. १८७० मध्यें लॉर्ड मेयोच्या हस्तें खामगांवचा फांटा खुला झाला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्याकरितां रिव्हेट-कार्नॅक नांवाचा खास कापूस-कमिशनर नेमण्यांत आला. लोहमार्ग बाळापुरावरून गेला नाहीं. तो पारसवरून, म्हणजे तेथून सुमारें सहा मैलांवरून गेला. त्या सहा मैलांनीं अकोला व खामगांव वाढलीं आणि बाळापूर मागें पडलें. पण हा निराळा विषय आहे.

आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आगगाडीबरोबर वऱ्हाडांत मुंबईची खंडी आली. ही खंडी समजून घेण्यासारखी आहे. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा. आणि खंडी म्हणजे वीस मण हें तर सर्वांना ठाऊक. त्या हिशेबानें खंडी ५६० पौंडांची व्हावयास पाहिजे, आणि इतर कित्येक मालांची ती तशी होतीहि. कापसाची खंडी मात्र वीस मणांची नव्हे, अठ्ठावीस मणांची. म्हणजे ७८४ पौंडांची. अठ्ठावीसच कां? ७८४ पौंड म्हणजे बरोबर सात हंड्रेडवेट. जहाजाचें भाडें हंड्रेडवेट व टन यांच्या हिशेबानें, आणि लिव्हरपूलचा भाव पौंडाला इतके पेन्स असा. खंडी हें नांव आमचें राहिलें. तिचा आकार मात्र इंग्रजी वजनांत अपूर्णांक न राहतां बसेल असा झाला. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें हा शब्दाचा अर्थविस्तार असेल. शेतकऱ्याच्या दृष्टीनें वीस मणांचे अठ्ठावीस मण झाले.

त्याच वेळीं आगगाडीच्या पावतीवर तिसरेंच वजन लिहिलेलें असे. १८३३ च्या रेग्युलेशननें तोळा १८० ग्रेनांचा ठरला होता. ऐशीं तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण धरला तर तो मण ८२ पूर्णांक दोनसप्तमांश पौंडांचा होतो. हाच बंगाली मण, आणि रेल्वेचें मालभाडें त्याच्या हिशेबानें. तेव्हां बाळापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्याचा माल खळ्यांत पायलीनें, कापसाच्या बाजारांत अठ्ठावीस पौंडी मणानें, व स्टेशनावर ब्याऐशीं पौंडी मणानें मोजला जाऊं लागला. आणि या तिन्ही ठिकाणीं शब्द मात्र तेच: शेर, मण, खंडी.

येथें आमच्या जुन्या शाळांतील अंकगणिताबद्दल दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे ज्याला तोंडपाठ आहेत त्याला कागद-पेन्सिलीची गरज पडत नसे. ‘जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर’ हा हिशेब कोणत्याहि पंतोजीनें शिकविलेला असे. रुपयाचे सोळा आणे व मणाचे चाळीस शेर, तेव्हां चाळिसाला सोळांनीं भागून अडीच, हें त्याचें इंगित. गुरु अचूक, शिष्य अचूक, उत्तरहि अचूक. परंतु गंमत अशी कीं, मण अठ्ठावीस पौंडांचा असो कीं ब्याऐशींचा, चाळीस शेरांचा आहे तोंपर्यंत हा नियम सारखाच खरा ठरतो. कोष्टकाच्या आंतला हिशेब कितीहि निर्दोष असला तरी तो शेर कोणता, याचें उत्तर कोष्टक देत नाहीं. आमच्या शेतकऱ्याला हिशेब येत नव्हता म्हणून तो नागवला गेला, असें जें सरसकट म्हटलें जातें तें आम्हांस मान्य नाहीं. त्याला आपल्या मापांतला हिशेब येत होता. अडत्याला दोन मापांतला येत होता, आणि दोन मापांच्या मधल्या फटींत अडत्याचें घर होतें.

त्या फटींत काय काय शिरे त्याची नांवें अजून लोकांच्या तोंडीं आहेत. बारदानाचें वजन वजा. ओलाव्याबद्दल व कचऱ्याबद्दल कडता वजा. नमुना म्हणून काढलेला कापूस परत मिळावयाचा नाहीं. मग तोलाई, हमाली, धर्मादाय. यांतील प्रत्येक वजावटीला कांहीं ना कांहीं कारण असे, आणि तें अगदींच खोटें नसे. ओला कापूस वजनाला जड भरतो हें खरेंच आहे. परंतु कडत्याचें प्रमाण तराजूपाशीं, शेतकऱ्याची बैलबंडी रिकामी झाल्यावर ठरावयाचें असेल, तर तें प्रमाण कोणाच्या बाजूनें झुकेल हें सांगावयास नको. शिवाय सरकीसह कापूस व रुई यांमधलें नातें निराळेंच. कापसांतून रुई निघते ती वजनाच्या एकतृतीयांशाच्या आसपास. पण नेमका उतारा वाणावर, पावसावर व वेचणीवर अवलंबून. हा गुणक कोणत्याहि कायद्यानें ठरत नाहीं. तो बोंडांत ठरतो, आणि जिनिंगच्या कारखान्यांत कळतो. तेथें विकणारा हजर नसतो.

या अव्यवस्थेवर हिंदुस्थानांतला पहिला इलाज वऱ्हाडांतच झाला, ही गोष्ट वऱ्हाडकरांस विशेष माहीत असावीशी वाटते. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें १८८६ मध्यें कारंजा येथें नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. बाजाराची जागा ठरली, तिच्या बाहेर खासगी बाजार भरविण्यास मनाई झाली, दलाल व तोलणारे यांना परवाने घ्यावे लागले. त्या काळीं इतर प्रांतांत असें कांहींहि नव्हतें. पण बाजार-समितींत बसले कोण? दोन सभासद नगरपालिकेचे, बाकीचे व्यापारी. ज्याचा माल तोलावयाचा त्याला तराजूच्या देखरेखींत जागा नव्हती. मुंबई प्रांतानें १९२७ च्या कापूस-बाजार कायद्यांत उत्पादकांस प्रतिनिधित्व दिलें. मध्यप्रांत-वऱ्हाडांत वजनमापांचा कायदा १९२८ मध्यें व कापूस-बाजाराचा नवा कायदा १९३२ मध्यें झाला. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें १९२८ च्या अहवालांत नियंत्रित बाजारांचा व एकाच प्रकारच्या वजनमापांचा जोरानें पुरस्कार केला, तेव्हां वऱ्हाडचा चाळीस वर्षांचा अनुभव त्याच्यापुढें होता. १९३९ मध्यें मध्यवर्ती कायद्यानें ऐशीं तोळ्यांचा शेर प्रमाण ठरविला. खंडी तरीहि ७८४ पौंडांचीच राहिली.

प्रमाण वजनें कायद्यानें लादलीं म्हणजे जुनीं नाहींशीं होतात, हा समज जुना आहे. इंग्लंडांत १२१५ च्या मॅग्ना कार्टांत साऱ्या राज्यांत एकच माप असावें असें कलम आहे. त्यानंतर सहाशें वर्षें तेथें निरनिराळीं मापें सुखानें नांदत होतीं. फ्रान्सची गोष्ट तर अधिक बोधप्रद. क्रांतीनें १७९५ मध्यें मीटर व ग्रॅम आणले. लोकांनीं ते घेतले नाहींत. आणि १८१२ मध्यें खुद्द नेपोलियनला माघार घेऊन अर्ध्या किलोच्या वजनास ‘लीव्र’ हें जुनें नांव परत द्यावें लागलें. पुढें १८४० पासून ती सवलत बंद झाली. जुन्या नांवांत नवें वजन घालण्याची ही युक्ति मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं खंडीबाबत केली त्याच जातीची आहे, फरक हेतूंत.

स्वतंत्र भारतानें १९५६ मध्यें वजनमापांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनें टप्प्याटप्प्यानें बाजारांत आलीं आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्यानें बाद झाले. आमच्या मतें स्वातंत्र्योत्तर काळांतील जीं थोडीं कामें शेवटास गेलीं, त्यांत याची गणना करावयास हवी. एका पिढीच्या आंत शेर बाजारांतून गेला, पायली खळ्यांतून गेली, आणि शेतकरी क्विंटल बोलूं लागला. (क्विंटल हा शब्दहि कांहीं पॅरिसमध्यें जन्मलेला नव्हे, अरबांच्या ‘किंतार’पासून तो युरोपांत गेला आणि फिरून आमच्याकडे आला.) बंगाली मण सदतीस किलोंहून किंचित् अधिक होता, गुजराथेंत मात्र मणाचें नांव न सोडतां त्याला वीस किलोंचा करण्यांत आलें, आणि सौराष्ट्राच्या बाजारांत कापसाचा भाव अजूनहि वीस किलोंना बोलला जातो. वऱ्हाडांत तो क्विंटलला.

आणि खंडी? ती आहे. मुंबईच्या कापूस-बाजारांत रुईचा भाव आजहि खंडीला जाहीर होतो, आणि ती खंडी ३५५.६२ किलोंची असते. हा विचित्र आंकडा कोठून आला हें वाचकांच्या आतां ध्यानांत आलेंच असेल: ७८४ पौंडांचे किलो केले म्हणजे तो येतो. हंड्रेडवेट गेलें, लिव्हरपूलचा बाजार गेला, ज्या राज्यासाठीं सात हंड्रेडवेटांची खंडी बांधली तें राज्यहि गेलें. पण करारनामे, तेजीमंदीचे जुने तक्ते, दलालीचे दर हें सर्व खंडींत लिहिलेलें होतें. एकदां नोंदी पडल्यावर मूळ एकक बदलतां येत नाहीं, हा आज्ञावलीचा नियम येथें दीडशें वर्षें पाळला गेलेला दिसतो. रुईच्या गांठीचीहि तीच कथा. पूर्वीं हिंदी गांठ ३९२ पौंडांची धरीत, म्हणजे नेमकी अर्धी खंडी. हल्लीं सरकारी आंकडे १७० किलोंच्या गांठींत असतात. तेव्हां खंडींत आतां दोन गांठी बसत नाहींत, दोनाहून थोड्या अधिक बसतात. अमेरिकेची गांठ ४८० पौंडांची. देशोदेशींच्या उत्पन्नाची तुलना करणारे लेख वाचतांना गांठ कोणाची, हें पाहणारे वाचक किती असतील?

आतां त्या संगणकाच्या प्रश्नाकडे पुन्हां वळूं. बाळापूर तालुक्यांतला शेतकरी आपला कापूस क्विंटलानें विकतो. जिनिंगवाला त्याची रुई करून खंडीच्या भावानें सौदा करतो. ती रुई गांठींत बांधली जाते, आणि परदेशचा भाव पाहावयाचा तर तो पौंडाला इतके सेंट असा असतो. चार एककें, आणि त्यांपैकीं कापूस व रुई यांमधला गुणक दर हंगामाला निराळा. अशा स्थितींत आज्ञावली जेव्हां विचारते कीं ‘एक खंडी म्हणजे किती किलो, आणि दशांश स्थळें किती?’, तेव्हां तो प्रश्न कारकुनी नसतो. सोयीसाठीं ३५५.६२ च्या जागीं ३५६ लिहिलें तर एका खंडीमागें ०.३८ किलोचा फरक पडतो. हजार खंड्यांमागें ३८० किलो रुई. ही रुई कोणी चोरलेली नसते. ती कोष्टकांत हरवते. तराजूची दांडी मारणाऱ्याचा हात धरतां येत असे. गुणकाला हात नसतो.

पण याच यंत्राच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिगेचें धान्य मापाऱ्याच्या मनगटांत असे आणि कडता अडत्याच्या जिभेवर असे. हा गुणक निदान एका पानावर लिहावा लागतो, आणि तें पान मागून पाहतां येतें. अबुल फजलानें टंक्याचा गुणक लिहून ठेवला म्हणूनच आज सवाचारशें वर्षांनंतर आम्हांस तो पडताळतां आला. वऱ्हाडच्या सावकारी वह्यांत मणाचें विशेषण कोणी लिहिलें असतें, तर त्या शतकांतील कुणब्याला खरोखर किती धान्य उरत असे याचा हिशेब मांडणें सोपें झालें असतें.

१ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, आणि त्याबरोबर सरकारनें एककांची एक ठराविक यादी दिली. बिलावर तींतलेंच एकक लिहावयाचें. यादी वाचण्यासारखी आहे. तींत किलो, क्विंटल, मीटर आहेत, डझन, ग्रोस व दहा ग्रोस आहेत, यार्ड आहे, पोतें आहे आणि गांठहि आहे. पोत्यांत किती किलो व गांठींत किती, हें तेथें लिहिलेलें नाहीं. तें ज्याचें त्यानें आपल्या वहींत ठरवावयाचें. खंडीचें नांव त्या यादींत नाहीं. म्हणून अकोल्याच्या बाजूचा जिनिंगवाला मुंबईच्या दलालाशीं फोनवर खंडीनें सौदा करतो, बिल क्विंटलांत किंवा गांठींत लिहितो, आणि दोहोंच्या मधला गुणक आपल्या वहीच्या पहिल्या पानावर भरतो.